११ एक्स मोठं की साडेचार एक्स? लेन्सवरचे आकडे वाचायला शिकू

नवा कॅमेरा घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "झूम किती एक्स?" दुकानातही तोच आकडा पुढे केला जातो, कारण तो सांगायला सोपा आणि ऐकायला भारी. बडोद्यात थंडी पडली आणि डभोईकडच्या वढवाणा तलावावर पाहुणे पक्षी उतरले, की हा प्रश्न फार ऐकू येतो. सयाजीराव महाराजांच्या काळात शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव २०२१ साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. तेव्हापासून तिथे कॅमेरा घेऊन येणारी तरुण मुलंमुली मोठ्या संख्येनं दिसतात, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे.

त्यातल्याच एका मुलीनं पाळेवर उभं असताना विचारलं, "काका, ओळखीच्यांकडे दोन जुन्या लेन्स आहेत. एक ११ एक्स, दुसरी साडेचार एक्स. ११ वालीच घेऊ ना?"

"मिलिमीटर किती आहेत ते सांग."

"पहिली १८-२०० आणि दुसरी ५५-२५०."

"मग समोरचे पट्ट कादंब टिपायचे असतील तर साडेचारवाली घे."

तिचा चेहरा गोंधळला, आणि ते साहजिक होतं. ११ हा आकडा साडेचारपेक्षा मोठा असताना कमी आकड्याची लेन्स पक्षी मोठा कसा दाखवेल? हा लेख अशाच नव्या मंडळींसाठी आहे. हाताशी कॅमेरा आणि एक फूटपट्टी ठेवा, कारण नुसतं वाचून हे अंगवळणी पडत नाही.

पहिली पायरी: लेन्सवर काय लिहिलंय ते वाचा

तुमची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळालेली लेन्स, हातात घ्या. बहुतेकांकडे १८-५५ असते. तिच्या तोंडाच्या कड्यावर किंवा अंगावर साधारण चार गोष्टी सापडतात. "१८-५५ मिमी" ही फोकल लेंथ, म्हणजे दूरचं किती मोठं दिसेल ते ठरवणारं माप. "१:३.५-५.६" हे अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्स जास्तीत जास्त किती उघडते त्याचं माप. हेच एफ ३.५, एफ ५.६ असंही लिहितात, आणि आकडा मोठा तितका उजेड कमी. गोल चिन्हापुढे "५८" किंवा "५५" असं असेल तर तो फिल्टरचा व्यास. त्याचा झूमशी काही संबंध नाही. आणि "०.२५ मी" असं काही दिसलं तर ते सर्वांत जवळचं फोकस अंतर.

इथे एका जागी नक्की फसगत होते. "१:३.५" हे गुणोत्तरासारखं दिसतं, आणि मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून छोट्या वस्तू टिपायच्या लेन्सवरही "१:१" किंवा "१:२" असं लिहिलेलं असतं. दोन्हींची लिहायची तऱ्हा एकच, पण पहिलं उजेडाचं माप आहे आणि दुसरं आकाराचं. मोठ्या अक्षरात मिलिमीटरच्या शेजारी बसलेलं गुणोत्तर बहुधा अ‍ॅपर्चरचं असतं, हे लक्षात ठेवलं तरी पुढचा बराच गोंधळ टळतो.

दुसरी पायरी: भागाकार करा आणि एक्स बाजूला ठेवा

झूमचा एक्स काढायला शेवटची फोकल लेंथ पहिलीनं भागायची. ५५ भागिले १८, म्हणजे ३. २०० भागिले १८, म्हणजे ११. २५० भागिले ५५, म्हणजे साडेचार. झालं. त्या आकड्यात एवढंच सांगितलेलं असतं की ही लेन्स तिच्या स्वतःच्या सर्वांत रुंद दृश्यापासून किती पट पुढे जाऊ शकते. दृश्य मुळात किती रुंद होतं, हे त्यात कुठेच नाही.

आता २००-६०० मिमीची लेन्स घ्या. पक्षी टिपणाऱ्यांची ही लाडकी लेन्स, दंडाएवढी लांब. ६०० भागिले २००, म्हणजे ३ एक्स. आपल्या किट लेन्सइतकंच. उलट टॅमरॉनची १८-४०० घेतली तर २२ एक्स येतात, पण तिचं टोक ४०० वरच थांबतं. आणि ४०० मिमीची बिनझूमची, म्हणजे प्राइम लेन्स असेल तर तिचा एक्स फक्त १. तरीही वढवाण्यावर ती त्या ११ एक्सवालीच्या दुप्पट मोठा पक्षी दाखवेल, कारण ४०० हे २०० च्या दुप्पट आहे.

म्हणून एक्स म्हणजे सोय. लग्नात, प्रवासात, उत्तरायणाला गच्चीवर एकाच लेन्सनं पतंगही टिपायचा आणि फिरकी धरलेल्या भावंडांचा घोळकाही, तेव्हा जास्त एक्स खरोखर कामाला येतात. पण दूरचं किती मोठं दिसेल हे विचारायचं असेल तर उत्तर मिलिमीटरच्या शेवटच्या आकड्यात आहे.

तिसरी पायरी: सूरसागरला जाऊन खात्री करा

सूरसागरच्या काठावर एक जागा धरा, जिथून तळ्यातली शंकराची मूर्ती पूर्ण दिसते. जागा न हलवता १८ वर एक फोटो, ३५ वर एक, ५५ वर एक. घरी येऊन तिन्ही फोटो संगणकावर सारख्याच आकारात उघडा आणि पडद्याला फूटपट्टी लावून मूर्तीची उंची मोजा. १८ ला २ सेंमी भरली तर ५५ ला ६ सेंमीच्या आसपास भरेल. फोकल लेंथ जितक्या पट, प्रतिमा तितक्या पट. हे स्वतः मोजल्यावर जो विश्वास येतो तो कुठल्याही व्हिडिओनं येत नाही.

मग मित्राला काठावर उभं करा. आधी त्याच्यापासून २ मीटरवर राहून १८ ला फोटो घ्या, मग मागे जाऊन ६ मीटरवरून ५५ ला. दोन्ही फोटोंत मित्र साधारण तेवढाच दिसेल, मात्र त्याच्या पाठीमागची मूर्ती दुसऱ्या फोटोत तिप्पट मोठी झालेली असेल. झूम आणि पायी पुढेमागे होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चांगला फोटोग्राफर दोन्ही वापरतो. मला विचाराल तर झूमच्या कड्याआधी पाय वापरायची सवय लावा.

चौथी पायरी: आता मॅग्निफिकेशन

मॅग्निफिकेशन, म्हणजे शाळेच्या विज्ञानातलं विशालन. वस्तू खरी केवढी आणि सेन्सरवर तिची प्रतिमा केवढी पडली, या दोहोंचं ते गुणोत्तर आहे. सेन्सर हा कॅमेऱ्याच्या आतला चौकोनी तुकडा. निकॉन आणि सोनीच्या साध्या कॅमेऱ्यांत तो साधारण २३.५ मिमी रुंद असतो, कॅननमध्ये किंचित लहान, आणि फुल फ्रेम म्हणवणाऱ्या मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांत ३६ मिमी.

काळाघोड्याच्या पुलावरून विश्वामित्रीत डोकावलं तर हिवाळ्याच्या दुपारी काठावर ऊन खात पडलेली मगर पुष्कळदा दिसते. समजा ती अडीच मीटर लांब आहे, आडवी पडली आहे आणि आपल्यापासून ५० मीटरवर आहे. दूरच्या वस्तूसाठी हिशोब अगदी सरळ आहे: फोकल लेंथ गुणिले वस्तूचा आकार, भागिले अंतर. ५५ मिमीला सेन्सरवर पावणेतीन मिलिमीटरची मगर उमटेल. २०० ला १० मिमी, ३०० ला १५ मिमी, ४०० ला २० मिमी. २३.५ मिमीच्या सेन्सरवर २० मिमी म्हणजे मगरीनं चौकट जवळपास भरली. (पुलावरूनच फोटो घ्या. चांगल्या कोनासाठी नदीच्या काठावर उतरू नका. ही मगर वाटते त्यापेक्षा खूप चपळ असते.)

आता यातलं मॅग्निफिकेशन काढू. ३०० मिमीला प्रतिमा १५ मिमी आणि मगर २५०० मिमी. भागाकार येतो ०.००६. म्हणजे एवढी लांबलचक लेन्स लावूनही मगर सेन्सरवर खऱ्यापेक्षा १६७ पट लहानच उमटली. "मोठं करणारी" म्हणून जी लेन्स आपण घेतो ती दूरच्या प्रत्येक वस्तूला प्रत्यक्षात लहानच करत असते, फक्त आखूड लेन्सपेक्षा कमी लहान.

आणि हीच मगर २५ मीटरवर असती तर मॅग्निफिकेशन दुप्पट झालं असतं, लेन्स तीच असून. अंतर बदललं की ते बदलतं, झूम फिरवला की बदलतं. मग लेन्सच्या माहितीत "कमाल मॅग्निफिकेशन ०.३६ एक्स" असं एकच काय छापलेलं असतं? तो आकडा सर्वांत जवळ फोकस करून मिळणाऱ्या सर्वांत मोठ्या प्रतिमेचा असतो. तो जवळच्या वस्तूंसाठी आहे: फूल, मुंगी, दागिना, नाणं. वढवाण्याच्या कादंबाला त्याचा उपयोग नाही.

पक्ष्यांचाही हिशोब करून बघा. पट्ट कादंब चोचीपासून शेपटीपर्यंत पाऊण मीटरभर असतो. ६० मीटरवर, ३०० मिमीला, तो सेन्सरवर पावणेचार मिमी भरतो. चौकटीच्या रुंदीचा सहावा हिस्सा. ६०० ला साडेसात मिमी, साधारण तिसरा हिस्सा. पहिल्या खेपेला फोटो बघून "माझी लेन्स खराब आहे का" असं वाटलं तर आधी हा हिशोब मांडा. बहुतेक वेळा लेन्स ठीक असते, पक्षी लांब असतो.

कोजागिरीला चंद्र टिपायचा असेल तर याहून सोपं आहे. फोकल लेंथला ११० नं भागा. तेवढे मिलिमीटर चंद्र सेन्सरवर उमटतो. २०० ला १.८ मिमी, ३०० ला २.७ मिमी.

पाचवी पायरी: सेन्सरचा आकार हिशोबात घ्या

"लहान सेन्सरवर ३०० ची ४५० होते" हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. लेन्स ३०० चीच राहते आणि मगरही सेन्सरवर १५ मिमीच उमटते. फरक एवढाच की १५ मिमीनं ३६ मध्ये निम्म्याहून कमी चौकट भरते आणि २३.५ मध्ये निम्म्याहून जास्त. दीड पटीचा तो गुणाकार चौकटीत किती मावतं याचा आहे. मॅग्निफिकेशन जागचं हललेलं नसतं.

यामुळेच निकॉनच्या कूलपिक्स पी१००० सारख्या कॅमेऱ्यावर २४ ते ३००० मिमी आणि १२५ एक्स असं लिहिता येतं. त्याच्या लेन्सची खरी फोकल लेंथ ४.३ ते ५३९ मिमी आहे, आणि सेन्सर जेमतेम ६ मिमी रुंद, साडेचार मिमी उंच. ५३९ ला ११० नं भागा: ४.९ मिमी. म्हणजे पूर्ण झूमवर चंद्र चौकटीच्या उंचीत मावत नाही! हौशी माणसासाठी ही फार आनंदाची गोष्ट आहे. मात्र इतक्या लांब टोकाला अ‍ॅपर्चर एफ ८ वर येतं, सेन्सर लहान, त्यामुळे पहाटेच्या कमी उजेडात फोटो दाणेदार होतो. शिवाय ऊन चढलं की तळ्यावरची हवा थरथरते, आणि तो थरथराट कुठलीच लेन्स पुसू शकत नाही. वढवाण्यावर सकाळी लवकर पोचा.

फोनचं गणित निराळं. तिथे मुख्य कॅमेऱ्याला १ एक्स मानलेलं असतं, आणि तो फुल फ्रेमच्या मापानं साधारण २४ मिमीचा, म्हणजे रुंदच असतो. म्हणून फोनचे ५ एक्स म्हणजे १२० मिमीच्या आसपास; कादंबासाठी ते अपुरंच. त्यापुढे बोटांनी ओढलेला झूम डिजिटल, म्हणजे फोटो कातरणं. २ एक्स डिजिटल झूम केला की २४ मेगापिक्सेलमधले ६ उरतात. तो कॅमेऱ्यात करण्यापेक्षा घरी निवांत कातरा.

दुर्बिणीच्या ८x४२ मधला ८ मात्र डोळ्याला वस्तू किती पट मोठी दिसते ते सांगतो, आणि ४२ हा पुढच्या काचेचा मिलिमीटरमधला व्यास. कामचलाऊ तुलनेसाठी फुल फ्रेमवर फोकल लेंथला ५० नं भागतात: ४०० मिमी म्हणजे ८ एक्स दुर्बिणीसारखं.

सहावी पायरी: आपल्या लेन्सचं कमाल मॅग्निफिकेशन स्वतः मोजा

टेबलावर फूटपट्टी आडवी ठेवा, खिडकीचा उजेड येऊ द्या. झूम सर्वांत पुढच्या टोकाला न्या, फोकस मॅन्युअल करा आणि फोकसचं कडं सर्वांत जवळच्या टोकाला फिरवा. आता कड्याला हात लावायचा नाही. कॅमेरा सगळाच्या सगळा हळूहळू पुढेमागे करत रेघा स्पष्ट दिसतील तिथे थांबा आणि फोटो घ्या. फूटपट्टी चौकटीच्या लांब बाजूला समांतर हवी.

फोटोत डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत किती मिलिमीटर मावले ते मोजा. समजा ६५ आले. सेन्सरची रुंदी २३.५, भागिले ६५, म्हणजे ०.३६. हेच तुमच्या लेन्सचं कमाल मॅग्निफिकेशन. झूमच्या इतर आकड्यांवरही हे करून बघा. सगळ्या लेन्स पुढच्या टोकालाच जास्त देतात असं नाही.

हे केल्यावर बऱ्याच जणांना धक्का बसतो. १८-५५ सारख्या स्वस्त किट लेन्समध्ये ०.३६ पर्यंत मिळतं, तर ५० मिमी एफ १.८ या सर्वांच्या आवडत्या लेन्सला ०.२१ वर थांबावं लागतं. म्हणजे फूल टिपायला जुनी किट लेन्सच बरी. आजीची नथ साधारण ३ सेंमी रुंद असेल तर किट लेन्सवर ती ११ मिमी भरेल, जवळजवळ अर्धी चौकट. त्यासाठी नवी लेन्स घ्यायची गरज नाही. पण त्या नथीतला एकच मोती, ४ मिमीचा, ठळक हवा असेल तर मॅक्रोच्या दारात जावं लागतं.

खरी मॅक्रो लेन्स १:१ देते: ४ मिमीचा मोती सेन्सरवर ४ मिमी. काही ७०-३०० लेन्सवरही "मॅक्रो" लिहिलेलं असतं, त्या १:२ पर्यंत, म्हणजे ०.५ पर्यंत जातात. कॅननची एमपी-ई ६५ तर १ पासून ५ एक्सपर्यंत जाते, आणि तिला दूरचं काही फोकसच करता येत नाही. या लेन्सचा एक्स आणि सुपरझूमचा एक्स यांची तुलना करण्यात काहीच अर्थ नाही, हे आता तुम्हालाच दिसेल.

कमी खर्चाचा मार्ग एक्स्टेन्शन ट्यूबचा. कॅमेरा आणि लेन्समध्ये बसवायची ही पोकळ नळी, आत काच नाही. नळीची लांबी भागिले फोकल लेंथ, एवढं मॅग्निफिकेशन वाढतं. ५० मिमी लेन्सला २५ मिमीची नळी लावली की ०.५ वाढलं, मूळचं ०.२१ धरून ०.७ च्या वर गेलात. नवशिक्यानं मॅक्रो लेन्स घेण्याआधी नळ्यांवर काही महिने काढावेत असं माझं ठाम मत आहे. कमातीबागेतली फुलं आणि कीटक त्यासाठी पुरेसे आहेत.

जवळच्या कामात दोन अडचणी येतात. १:१ ला एफ ८ ठेवलं तरी एक मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीचा भाग स्पष्ट येतो, तेव्हा श्वास रोखून किंवा ट्रायपॉडवरच काम करा. दुसरी अंतराची: जवळचं फोकस अंतर सेन्सरपासून मोजतात, कॅमेऱ्याच्या डोक्यावर आडवी रेघ मारलेलं छोटं वर्तुळ असतं तिथून. १०० मिमी मॅक्रोचं ३० सेंमी अंतर लेन्सच्या तोंडापासून मोजलं तर वीतभरही उरत नाही, आणि तुमचीच सावली फुलावर पडते.

आणखी एक बारकावा. आतल्या आत फोकस करणाऱ्या पुष्कळ झूम लेन्स जवळ फोकस केल्यावर लिहिलेल्या फोकल लेंथइतक्या लांब राहत नाहीत. ३०० लिहिलेली लेन्स दीड मीटरवरच्या फुलपाखराला ३०० सारखं दाखवेलच असं नाही. म्हणून जवळच्या वस्तूंसाठी वरचा गुणाकार-भागाकार वापरू नका, फूटपट्टीवर विश्वास ठेवा.

दुकानात किंवा जुनी लेन्स बघायला गेलात तर

आधी स्वतःला विचारा की काय टिपायचंय. मगर आणि पक्षी असतील तर शेवटचा मिलिमीटर विचारा, आणि त्या टोकाला अ‍ॅपर्चर किती ते विचारा. ३०० मिमी हातात धरायची तर लहान सेन्सरवर १/५०० सेकंदाच्या आसपास शटर लागतं, आणि उजेड कमी असेल तर एफ ५.६ आणि एफ ८ मधला फरक तिथे चांगलाच जाणवतो. पुढे मागे २ एक्सचा टेलिकन्व्हर्टर, म्हणजे कॅमेरा आणि लेन्समध्ये बसणारी जोड-लेन्स, लावायचा बेत असेल तर तो ३०० ची ६०० करतो खरा, पण दोन स्टॉप उजेड खातो, म्हणजे पाव हिस्साच उजेड उरतो, एफ ५.६ ची लेन्स एफ ११ होते. फुलं, किडे, दागिने असतील तर कमाल मॅग्निफिकेशन आणि जवळचं फोकस अंतर विचारा. १:४ म्हणजे ०.२५, १:२ म्हणजे ०.५. घरचे समारंभ आणि प्रवास असेल तरच झूम किती एक्स हा प्रश्न पहिला येऊ द्या.

जुनी लेन्स असेल तर कॅमेरा आणि फूटपट्टी सोबत न्या. दुकानाच्या काउंटरवरच जवळचं टोक तपासा, मग दारात येऊन रस्त्यापलीकडच्या पाटीवर लांबचं टोक तपासा, आणि दोन्ही फोटो तिथेच मोठे करून मध्यभाग आणि चारही कोपरे पाहून घ्या.